दोन सुया, एक गुंडा आणि अर्धा तास: घरी विणकाम शिकताना नेमकं कुठे चुकतं

"वीस टाके घातले होते, दहाव्या ओळीला सव्वीस कसे झाले?" विणकाम नव्याने हाती घेतलेली माणसं हा प्रश्न सर्वांत जास्त विचारतात. त्याच्या पाठोपाठ येतो दुसरा: "टाके इतके घट्ट झालेत की सुई आतच जात नाही." आणि मग तिसरा, जरा खालच्या आवाजात: "स्वेटर सुरू केला होता, अर्धी पाठ झाली आणि ठेवून दिला."

तिन्हींच्या मुळाशी घाई आहे. घरात जरा शांत बसावं, हाताला काही काम असावं म्हणून सुया आणल्या जातात. पण दिवसभराची घाई बोटांत तशीच राहते आणि पहिल्याच संध्याकाळी सुलट, उलट, नक्षी असं सगळं एकदम शिकायचं ठरतं. विणकामात तसं चालत नाही. एक टाका नीट दिसायला लागला की पुढचं सोपं होतं. तो दिसत नसेल तर दहा व्हिडिओ बघूनही हात अडतो.

म्हणून इथे एकच छोटी वस्तू पूर्ण करायची आहे: सकाळी फिरायला जाताना कानावर घालायची लोकरीची पट्टी. एवढ्या एका कानपट्टीत टाके घालणं, विणणं, चुका दुरुस्त करणं, टाके बंद करणं आणि शिवणं हे सगळं येतं, आणि कंटाळा यायच्या आत ती संपते. पहिली वस्तू म्हणून मफलर मी सुचवत नाही. तो फार लांबतो. स्वेटर तर नाहीच नाही.

## १. बसायची जागा आणि वेळ

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग मान धरली म्हणून विणकाम सोडतात.

पाठीला टेका असलेली खुर्ची घ्या. हात लांब असतील तर मांडीवर उशी ठेवा, म्हणजे कोपर अधांतरी राहणार नाहीत. खांदे खाली, सुया पोटाच्या उंचीवर. उजेड वरून किंवा खांद्यामागून यावा. समोरून आला तर टाक्यांवर सावली पडते. गुंडा पायाशी एखाद्या पातेल्यात किंवा पिशवीत ठेवा, नाहीतर तो घरभर फिरतो.

सुरुवातीला एका बैठकीला अर्धा तास पुरे. त्या अर्ध्या तासात टीव्ही नको, फोन दुसऱ्या खोलीत. मालिका बघत विणणाऱ्या आजी तुम्ही पाहिल्या असतील, पण त्यांची बोटं वर्षानुवर्षं तयार झालेली असतात. तुमच्या डोळ्यांना अजून टाका ओळखायला शिकायचंय.

सावधान: मनगट, अंगठा किंवा कोपर दुखायला लागलं की तिथेच थांबा. "ही ओळ संपवते आणि मग" असं म्हणू नका. दुखणं बहुधा सुई आवळून धरल्याचं असतं. बोटांत मुंग्या येत असतील आणि जात नसतील तर डॉक्टरांना दाखवा.

## २. लोकर आणि सुया आणताना

इथे चूक झाली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या अवघड होतात, म्हणून थोडं सविस्तर.

रंग. फिकट आणि एकरंगी घ्या: पिस्ता, आकाशी, फिकट पिवळा, साय. काळ्या, गडद निळ्या किंवा मरून लोकरीत टाके दिसत नाहीत. दोन-तीन रंग मिसळलेली लोकर दुकानात फार मोहात पाडते, पण शिकताना रंग कुठे बदलला आणि टाका कुठे बदलला हेच कळत नाही. केसाळ, मखमली लोकर तर मुळीच नको. ती उसवताही येत नाही.

जाडी. मध्यम जाडीची लोकर हवी. लेबलवर 'डबल निटिंग' किंवा 'डीके' लिहिलेलं असतं. दुकानदार 'फोर प्लाय' म्हणून बाळाच्या कपड्यांची बारीक लोकर पुढे करतात. ती छान असते, पण पहिल्या कामाला फार बारीक पडते. लेबलावर नुसता प्लायचा आकडा असेल तर त्यावर विसंबू नका, कारण प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळलेत एवढंच, पदरांची जाडी त्यातून कळत नाही. लेबलवर सुईचं चित्र असेल आणि त्याखाली ४ मिमी लिहिलं असेल तर ती लोकर योग्य. लेबलच नसेल तर फूटपट्टीभोवती लोकर न ओढता शेजारी शेजारी गुंडाळा: २.५ सेंटिमीटरमध्ये साधारण बारा-चौदा वेढे बसले तर जाडी बरोबर.

धागा कशाचा. आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असतं, त्यातलं बरंचसं लुधियानाहून येतं. वर्धमान, ओसवाल ही नावं तुमच्या आईच्या किंवा आजीच्या तोंडून ऐकली असतील. शिकायला अ‍ॅक्रिलिक उत्तम: स्वस्त, धुवायला सोपं, चार वेळा उसवलं तरी टिकतं. सुती धागा पहिल्यांदा टाळा. त्याला लवचिकता नसते, त्यामुळे हाताचा प्रत्येक कमीजास्त ताण कापडात उमटतो. ५० ग्रॅम लोकर कानपट्टीला पुरून उरते.

सुया. ४ मिलिमीटर जाडीच्या, एका टोकाला बोंड असलेल्या सरळ सुयांची जोडी. मोठा घोटाळा इथेच होतो. आपल्याकडच्या दुकानांत सुयांचे जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, ७ नंबर म्हणजे ४.५ मिमी. अमेरिकन नंबर नेमके उलटे: नंबर वाढला की सुई जाड. तिथली ८ नंबरची सुई ५ मिमीची असते आणि ४ मिमीला तिथे ६ नंबर म्हणतात. अमेरिकेतल्या बहिणीने पाठवलेल्या सुया आणि तुळशीबागेतून आणलेल्या सुया यांचे नंबर सारखे दिसले तरी जाडी वेगळी असणार. त्यामुळे नंबर विसरा आणि मिलिमीटर विचारा.

धातूच्या सुयांवर टाके भराभर सरकतात, नवख्या हातातून सुटतातही. बांबूच्या किंवा लाकडी सुयांवर ते धरून राहतात. शिकायला मी बांबूच्या सुया सुचवते. पण कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात सुरुवात करणार असाल आणि हाताला घाम येत असेल तर बांबूवर लोकर अडकते. तिथे गुळगुळीत धातूची सुई बरी.

याशिवाय लहान कात्री, मोजपट्टी, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, चार-पाच सेफ्टी पिना आणि क्रोशाची एक सुई. ही शेवटची वस्तू लोक आणत नाहीत आणि पहिला टाका सुटला की तिच्यावाचून अडतात.

तपासा: पिशवीतल्या दोन्ही सुया एकाच जाडीच्या आहेत ना? घरातल्या जुन्या डब्यातून सुया काढल्या असतील तर हे नक्की बघा.

## ३. लडीचा गुंडा करणं

लोकर तयार गुंड्यात आली असेल तर ही पायरी सोडा. लडी असेल तर तिच्यावरून थेट विणायला घेऊ नका, हमखास गुंता होतो.

लडी उलगडून दोन खुर्च्यांच्या पाठींवर किंवा कोणाच्या तरी दोन हातांवर ताणून धरा. बांधलेले दोरे शेवटी कापा. टोक सापडलं की डाव्या हाताच्या तीन बोटांभोवती दहा-पंधरा वेढे घ्या, वेढे बोटांवरून काढा, वळवा, पुन्हा बोटं घालून गुंडाळा. बोटं आत ठेवून गुंडाळल्यामुळे गुंडा सैल राहतो. घट्ट गुंड्यात लोकर ताणलेली राहते, आपण त्या ताणलेल्या लोकरीने विणतो आणि धुतल्यावर कापड आटतं. तयार गुंडा दाबला तर ताज्या पावासारखा दबायला हवा.

## ४. टाके घालणं

टाके घालायच्या अनेक पद्धती आहेत. शिकणाऱ्यासाठी 'विणून टाके घालणं' ही पद्धत मला सर्वांत योग्य वाटते, कारण तिच्यातली हालचाल आणि सुलट टाक्याची हालचाल जवळजवळ एकच आहे. टाके घालता घालता विणणं अर्धं शिकून होतं.

१. लोकरीचं टोक वीतभर सोडून एक वेढा करा. गुंड्याकडची लोकर त्या वेढ्यातून फासासारखी बाहेर काढा. हा सरकफास डाव्या हातातल्या सुईवर चढवा. तो सुईवर सहज सरकायला हवा.

२. उजवी सुई त्या फासात डावीकडून, पुढून मागे घाला. दोन सुयांची फुली होते. उजवी सुई मागे.

३. गुंड्याकडची लोकर उजव्या सुईच्या टोकाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा: मागून डावीकडे, मग दोन सुयांच्या मधून पुढे, मग उजवीकडे.

४. उजव्या सुईच्या टोकाने ती लोकर फासातून पुढे ओढून घ्या. नवा फास तयार झाला. जुना फास डाव्या सुईवरून सोडायचा नाही.

५. नवा फास जरा मोठा करा, डाव्या सुईचं टोक त्यात खालून वर घाला, उजवी सुई काढा, लोकर हलकेच ओढा.

आता डाव्या सुईवर दोन टाके झाले. नव्या टाक्यात सुई घालून हेच पुन्हा करा, असे २० टाके. पहिला सरकफासही एक टाका म्हणून मोजायचा.

सावधान: पाचवी हालचाल करताना लोक लोकर जोरात ओढतात. टाका सुईला चिकटून बसला की पुढच्या ओळीत सुई आत जात नाही, मग जोर लावावा लागतो आणि मनगट दुखतं. टाका सुईच्या अंगाला लागलेला असावा, आवळलेला नसावा.

तपासा: सुई आडवी धरून टाके एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बोटाने सरकवा. सगळे टाके एकत्र सरकले तर ठीक. अडले तर काढून पुन्हा घाला. वीस टाके काढायला मिनिटही लागत नाही, आणि ही सैलसर कड पुढे शिवताना उपयोगी पडते.

## ५. सुलट टाका

टाके असलेली सुई डाव्या हातात, रिकामी उजव्या हातात, लोकर सुयांच्या मागे. चार हालचाली आहेत:

१. आत. उजवी सुई पहिल्या टाक्यात डावीकडून, पुढून मागे.
२. भोवती. लोकर उजव्या सुईभोवती, टाके घालताना फिरवली तशीच.
३. बाहेर. ती लोकर टाक्यातून पुढे ओढून घ्या.
४. सोडा. जुना टाका डाव्या सुईवरून उतरू द्या.

पहिल्या काही ओळी हे चार शब्द मोठ्याने म्हणत विणा. लहान मुलांना शिकवायची युक्ती वाटेल, पण मोठ्यांनाही तिचा फार उपयोग होतो. चौथी हालचाल विसरली की टाके वाढतात, तिसरी अर्धवट राहिली की टाका निसटतो. शब्द म्हणत विणलं की कुठली राहिली हे लगेच कळतं.

लोकर उजव्या हातात धरायची की डाव्या? आपल्याकडे बहुतेक जणी उजव्या हातात धरतात: करंगळीभोवती एक वेढा, मग तर्जनीवरून सुईकडे. करंगळीचा वेढा ताण सांभाळतो. कापड दोन्ही पद्धतींत एकच होतं, तेव्हा एक निवडा आणि मध्येच बदलू नका. डावखुऱ्यांनीही आधी हीच पद्धत करून बघावी, कारण विणकामात दोन्ही हात सारखेच कामाला लागतात.

ओळ संपली की सगळे टाके उजव्या सुईवर आलेले असतात. सुया हातांत अदलाबदल करा आणि पुन्हा सुलट.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ: टाके वाढतात कसे? चौथी हालचाल विसरण्याखेरीज तीन कारणं, आणि मी पाहिलेली बहुतेक सगळी वाढ पहिल्या कारणाने होते.

सुया बदलल्यावर लोकर तुमच्या बाजूला लोंबत असते. ती मागे न्यावी लागते. लोक ती सुईच्या वरून मागे नेतात. तसं केलं की पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन पाय सुईवर चढतात आणि एकाचे दोन टाके दिसतात. दोन्ही विणले की एक टाका वाढला. दर ओळीला एक वाढला की चौकोनाचा त्रिकोण व्हायला वेळ लागत नाही. लोकर सुईच्या टोकाच्या खालून मागे न्या. एवढंच.

दुसरं कारण: ओळीच्या मध्ये लोकर चुकून पुढे येते आणि सुईवरून मागे जाते. तिथे जादा वेढा बसतो आणि पुढच्या ओळीत भोक पडतं. तिसरं: सुई लोकरीच्या पदरांत घुसते आणि एकाच टाक्याचे दोन तुकडे होतात.

तपासा: प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. प्रत्येक. वीस टाके मोजायला काही क्षण लागतात. दहा ओळी उसवायला अख्खी संध्याकाळ जाते.

सावधान: ओळीच्या मध्ये उठू नका. उठावंच लागलं तर परत आल्यावर दिशा अशी ओळखा: गुंड्याकडे जाणारी लोकर ज्या सुईवरच्या शेवटच्या टाक्यातून निघते, ती सुई उजव्या हातात.

## ६. टाके वाचायला शिका, मग नमुना मोजा

दहा-बारा ओळी झाल्या की थांबा आणि कापड उजेडात धरा. ही पायरी लोक सर्वांत जास्त टाळतात. मला ती सर्वांत मोलाची वाटते.

सुईवरचा प्रत्येक टाका म्हणजे दोन पाय असलेला फास. उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला असायला हवा. डावा पाय पुढे दिसत असेल तर लोकर उलट दिशेने फिरवली गेली आहे. तसाच विणला तर टाक्याला पीळ पडतो. सुईच्या लगेच खाली बघा: टाक्याच्या गळ्याशी आडवी गाठ दिसते की इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार? सुलट टाका विणणाऱ्याच्या बाजूने व्ही दिसतो आणि मागच्या बाजूने गाठ. आपण सगळ्या ओळी सुलट विणतोय, म्हणून दोन्ही बाजूंना गाठींच्या आडव्या वळ्या दिसतात. एक वळी म्हणजे दोन ओळी. ओळी मोजायला याहून सोपी रीत नाही.

या ओळखीसाठी वेळ द्या. बोट फिरवा, कापड ताणून बघा, एक टाका कुठून येतो आणि कुठे जातो ते शोधा. शांत बसण्याचा खरा आनंद मला इथेच मिळतो: वीस टाक्यांकडे बघताना डोक्यात दुसरं काही शिल्लक राहत नाही.

आता रुंदी मोजा. कापड न ताणता सपाट ठेवा. २० टाक्यांची रुंदी ९ ते १० सेंटिमीटर आली तर उत्तम. ८ आली तर हात घट्ट आहे. मुद्दाम सैल विणायचा प्रयत्न करू नका, तो टिकत नाही. सरळ ४.५ मिमीची सुई घ्या. ११ आली तर ३.७५ मिमीची सुई घ्या, ती मिळाली नाही तर दोन टाके कमी घाला.

## ७. कानपट्टी

आतापर्यंत विणलेला तुकडा, म्हणजे नमुना, उसवून नव्याने सुरुवात करा. जपून ठेवावासा वाटला तर ठेवा, पुढे ताण पडताळायला कामी येतो.

डोक्याचा घेर कपाळ आणि कानांवरून मोजा. त्यातून ४-५ सेंटिमीटर वजा करा, कारण हे कापड लांबीत चांगलं ताणतं आणि पट्टी कानांवर घट्ट बसायला हवी. घेर ५५ असेल तर पट्टी ५० सेंटिमीटर.

२० टाके घाला, वीतभर शेपूट सोडा आणि सगळ्या ओळी सुलट विणत जा. १० सेंटिमीटरला साधारण २० वळ्या होतात, म्हणजे पूर्ण पट्टीला सुमारे १०० वळ्या. दर दहा वळ्यांना एक सेफ्टी पिन लावा, म्हणजे प्रत्येक वेळी पहिल्यापासून मोजावं लागत नाही. रोज अर्धा तास बसलात तर आठवड्या-दोन आठवड्यांत पट्टी होते.

पाचव्या-सहाव्या बैठकीच्या सुमाराला हात आपोआप सैल होतात. त्यामुळे सुरुवातीचा भाग जरा अरुंद आणि पुढचा रुंद दिसेल. धुतल्यावर बराचसा फरक जातो. त्यासाठी उसवू नका.

सावधान: लांबी मोजताना पट्टी सपाट जागेवर ठेवा. सुईला लटकवून मोजली तर वजनाने ताणली जाते आणि पट्टी आखूड निघते.

## ८. चुका सापडल्या तर

आधी सुया खाली ठेवा. सुटलेला टाका तिथल्या तिथे बसून असतो. घाबरून कापड ओढलं की तो धावतो.

टाका सुटलाय, पण फार खाली गेला नाही. त्यात लगेच सेफ्टी पिन अडकवा. आता तो कुठे जाणार नाही. मग क्रोशाची सुई घ्या. सुटलेल्या फासाच्या वर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात, एक धागा म्हणजे एक ओळ. सर्वांत खालच्या धाग्यापासून सुरुवात करा आणि शेजारच्या टाक्यांकडे बघा. त्या ओळीत शेजारी व्ही दिसत असेल तर क्रोशाची सुई फासात पुढून घाला, धागा मागे ठेवून फासातून पुढे ओढा. शेजारी गाठ दिसत असेल तर सुई मागून घाला, धागा पुढे ठेवून मागे ओढा. आपल्या पट्टीत हे आळीपाळीने येतं. शेवटी फास डाव्या सुईवर, उजवा पाय पुढे.

त्याच ओळीत चूक झाली. एकेक टाका मागे या. डाव्या सुईचं टोक, उजव्या सुईवरच्या टाक्याच्या अगदी खालच्या फासात पुढून घाला, उजवी सुई काढा, लोकर ओढा. टाका उसवला आणि खालचा सुरक्षित राहिला. चुकीच्या जागेपर्यंत असंच.

चूक चार-पाच ओळी खाली आहे. जादा टाका असेल आणि भोक दिसत नसेल तर पुढच्या ओळीत दोन टाके एकत्र विणा आणि पुढे चला. कानपट्टीत ते कोणाला दिसणार नाही. भोक मोठं असेल तर मात्र उसवा. सुई काढून घ्या, चुकीच्या ओळीच्या एक ओळ वरपर्यंत लोकर ओढा आणि शेवटची ओळ टाका टाका करत, प्रत्येक टाका सुईवर घेत उसवा. या कामाला बारीक सुई सोपी पडते.

आधीच घ्यायची काळजी. दर पाच-सहा सेंटिमीटरनंतर बोथट सुईत वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा ओवून तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढा आणि तसाच राहू द्या. पुढे काहीही बिघडलं तर कापड त्या दोऱ्यापर्यंतच उसवतं. दोरा वीसही टाक्यांतून गेलाय ना, हे मोजा.

## ९. टाके बंद करणं

दोन टाके सुलट विणा. डाव्या सुईच्या टोकाने उजव्या सुईवरचा आधीचा टाका उचला, नंतरच्या टाक्यावरून पलीकडे नेऊन सोडा. एक उरला. आणखी एक विणा, पुन्हा तेच. शेवटचा टाका उरला की दोन वीत लोकर ठेवून कापा आणि टोक त्या टाक्यातून ओढून घ्या. हीच लोकर पट्टी शिवायला वापरायची.

सावधान: बंद करताना हात हमखास घट्ट होतो आणि कड आक्रसते. उजव्या हातात एक माप जाड सुई घ्या.

तपासा: पट्टीची सुरुवातीची आणि शेवटची कड एकमेकींवर ठेवा. शेवटची आखूड असेल तर बंद केलेली ओळ उसवून पुन्हा करा.

## १०. शिवणं आणि टोकं लपवणं

दोन्ही कडा समोरासमोर आणा, पीळ पडला नाही हे बघा. बोथट सुईने एका कडेचा टाका, मग दुसऱ्या कडेचा, असं आलटून पालटून शिवा. फार ओढू नका. शिवण पट्टीइतकीच ताणली जायला हवी.

टोकांना गाठ मारून कापू नका. गाठ टोचते आणि केव्हातरी सुटते. टोक बोथट सुईत ओवून आतल्या बाजूने वळीच्या गाठींमधून ५ सेंटिमीटर एका दिशेने न्या, मग थोडं परत आणा. पट्टी एकदा ताणा आणि मगच उरलेली लोकर कापा.

## ११. धुणं आणि ठेवणं

कोमट पाण्यात सौम्य साबण, दहा मिनिटं भिजवणं, दाबून पाणी काढणं. पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने लांबते. पावसाळ्यात पंख्याखाली सुकवा. आतून दमट राहिली तर वास धरते.

अ‍ॅक्रिलिकला गरम इस्त्री कधीही लावू नका. उष्णतेने धागा मरतो, कापड लुळं आणि चकचकीत होतं, आणि ते परत सुधारत नाही. खऱ्या लोकरीला धोका वेगळा: गरम पाणी आणि चोळणं. त्याने ती आटून घट्ट होते. खरी लोकर धुऊन, पूर्ण वाळवून मगच कपाटात ठेवा. कसर मळलेल्या लोकरीवर आधी येते.

## १२. उलट टाका, आणि त्यानंतर

उलट टाका कानपट्टी पूर्ण झाल्यावरच शिका, आधी नाही. दोन्ही एकाच संध्याकाळी शिकणाऱ्यांचा लोकर पुढे-मागे नेण्यात गोंधळ होतो आणि मग दोन्ही टाके बिघडतात.

लोकर सुयांच्या पुढे घ्या. उजवी सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे, डाव्या सुईच्या पुढून घाला. लोकर वरून, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, मागे ढकलत टाक्यातून न्या आणि जुना टाका सोडा. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणलं की एका बाजूला सगळे व्ही, दुसऱ्या बाजूला सगळ्या गाठी. या कापडाच्या कडा वळतात. ती तुमची चूक नाही, कापडाचा स्वभावच तसा आहे, आणि धुऊन किंवा दाबून तो जात नाही. कडा सपाट हव्या असतील तर दोन्ही बाजूंना चार-चार टाके नेहमी सुलट विणा.

'एक सुलट एक उलट' या ताणणाऱ्या पट्टीत लोकर प्रत्येक टाक्यानंतर पुढे-मागे जाते. ती दोन सुयांच्या मधून न्यायची. सुईवरून नेली की पुन्हा टाके वाढले.

एवढं हाताला बसलं की मफलर घ्या: त्याच लोकरीचे ४० टाके म्हणजे साधारण १९ सेंटिमीटर रुंदी, लांबी दीड मीटर. आता एकाहून जास्त गुंडे लागतील. सगळे एकदम घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर जुळवा. रंग तोच असला तरी वेगवेगळ्या लॉटच्या छटेत फरक पडतो आणि तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही. नवा गुंडा नेहमी ओळीच्या सुरुवातीला जोडा, मध्ये नाही. लोकर पुरेल की नाही अशी शंका आली तर ओळीच्या रुंदीच्या चौपट लोकर उरली आहे का बघा, तेवढीच एका ओळीला लागते.

घरात बाळ येणार असेल आणि टोपडं विणायचं असेल तर बारीक मऊ फोर प्लाय लोकर आणि ३.२५ मिमीच्या सुया. गळ्याशी लांब नाडी, सैल गोंडा किंवा मणी लावू नका, आणि आतली टोकं दुप्पट लांब लपवा. बाळाची बोटं सुटलेल्या धाग्यात अडकतात.